कॅमेऱ्याची हालचाल आणि फोकस

कॅमेऱ्याची हालचाल आणि फोकस ही चलच्चित्रणाची दोन मूलभूत अंगे होत. चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याची दिशा, उंची किंवा जागा बदलणे याला कॅमेऱ्याची हालचाल म्हणतात. विशिष्ट अंतरावरील वस्तूची प्रतिमा सेन्सरवर किंवा फिल्मवर रेखीव उमटेल अशी भिंगाची जुळणी करणे म्हणजे फोकस करणे. प्रेक्षकाने चौकटीत कोठे पाहावे आणि किती वेळ पाहावे, हे मुख्यतः या दोहोंतून ठरते. उजेडातील किंवा रंगातील लहानसा दोष संकलनाच्या वेळी काही प्रमाणात सुधारता येतो. चुकलेला फोकस मात्र नंतर दुरुस्त होत नाही, आणि गचके खात फिरलेला कॅमेरा संगणकाच्या साहाय्याने थोडाफारच सावरता येतो. त्यामुळे नवशिक्या चित्रकाराने महागड्या साधनांआधी ही दोन अंगे हाताळण्याची सवय करणे इष्ट ठरते.

मराठी चित्रीकरणस्थळी या विषयातील बहुतेक संज्ञा इंग्रजीतूनच आल्या असून पॅन, टिल्ट, झूम, क्रेन, फोकस हे शब्द तसेच वापरले जातात. चाकांवरून किंवा रुळांवरून कॅमेरा नेणाऱ्या गाडीला भारतात सर्रास ‘ट्रॉली’ म्हणतात. ‘डॉली’ हा परदेशी पुस्तकांतील शब्द त्याच साधनाचा आहे.

पार्श्वभूमी

ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्याच वर्षी ल्युमिएर यांचा चित्रकार अलेक्झांडर प्रोमिओ याने व्हेनिसमध्ये नावेत कॅमेरा ठेवून काठावरील इमारतींचे चित्रण केले. चालत्या वाहनावरून घेतलेल्या आरंभीच्या दृश्यांत त्याची गणना होते. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रण केले. त्या काळातील कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. एका हाताने एकसमान गतीने दांडा फिरवायचा आणि त्याच वेळी कॅमेराही वळवायचा, हे अवघड काम असल्याने आरंभीच्या बहुतेक दृश्यांत कॅमेरा एका जागी खिळलेला दिसतो.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) निर्माण करण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लघुपट तयार केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. अशा चित्रणात कॅमेरा दिवसेंदिवस तसूभरही हलता कामा नये. तो हलला तर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसते. कॅमेरा न हलवणे हेही एक तंत्र आहे, याचा यापेक्षा जुना मराठी दाखला क्वचितच मिळेल.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला व महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी पुढे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत आली. प्रभातच्या ‘चंद्रसेना’मधील ट्रॉलीच्या वापराचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात वारंवार येतो. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये शांताराम यांनी लांब पल्ल्याच्या भिंगाने चंद्रमोहन यांनी साकारलेल्या राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला. एवढ्या जवळच्या दृश्यात माणूस किंचित पुढे-मागे झाला तरी प्रतिमा पुसट होते, हे ध्यानात घेतल्यास त्या दृश्यामागील फोकसची कसोटी लक्षात येते. प्रभातने १९३३ मध्ये पुण्यात स्थलांतर केले. त्याच आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, आजच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, छायाचित्रणाचे शिक्षण दिले जाते.

पॅन आणि टिल्ट

कॅमेरा एकाच जागी ठेवून डावीकडून उजवीकडे किंवा उलट वळवणे म्हणजे पॅन. खालून वर किंवा वरून खाली झुकवणे म्हणजे टिल्ट. मान वळवून पाहणे आणि मान उंचावून पाहणे यांच्याशी त्यांचे साम्य आहे. मात्र माणूस मान वळवताना वाटेतील गोष्टी फारशा पाहत नाही, कॅमेरा त्या सर्व टिपतो. म्हणून पॅनला सुरुवात आणि शेवट असावा लागतो. निश्चित ठिकाण नसलेला, शेतावरून नुसताच फिरत राहणारा पॅन हा नवशिक्यांच्या चित्रणातील सर्वांत सामान्य दोष होय.

पॅन करण्यापूर्वी शेवटची चौकट आधी ठरवावी, मग कॅमेरा सुरुवातीच्या चौकटीवर आणावा. दोन्ही टोकांना कॅमेरा तीन ते पाच सेकंद स्थिर ठेवल्यास संकलकाला दृश्य कोठे तोडायचे याची मोकळीक मिळते. हातात कॅमेरा असल्यास पावले शेवटच्या चौकटीच्या दिशेने रोवून कमरेतून सुरुवातीकडे वळावे व तेथून सावकाश उलगडत यावे. उलट केल्यास पॅनच्या शेवटी शरीर पिळलेले राहते आणि नेमकी तेथेच थरथर येते.

वेगाचा प्रश्न यांत्रिक आहे. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात कॅमेरा वेगाने वळवला तर लागोपाठच्या दोन चौकटींतील प्रतिमांमध्ये मोठे अंतर पडते आणि दृश्य तुटक, ठेचकाळत गेल्यासारखे दिसते. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास सुमारे सात सेकंद लागावेत, असा ठोकताळा छायाचित्रकार वापरतात. कपाशीच्या सरळ ओळी, कुंपणाचे खांब, लेण्यांतील स्तंभ अशा उभ्या रेषांवरून पॅन करताना हा दोष विशेष जाणवतो. शटरचा वेग चौकटींच्या संख्येच्या साधारण दुप्पट, म्हणजे २५ चौकटींना एकपन्नासांश सेकंद ठेवल्यास हालचाल पुरेशी मृदू दिसते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटखाली लुकलुक टाळण्यासही हाच वेग उपयोगी पडतो. मोबाइलच्या सेन्सरवर प्रतिमा वरून खाली क्रमाने वाचली जाते. त्यामुळे फार वेगाने पॅन केल्यास उभे खांब तिरके झालेले दिसतात.

ट्रायपॉडवर पॅन करताना त्यावरील पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आहे ना, हे पाहणे आवश्यक असते. पहिल्या चौकटीत सरळ असलेले क्षितिज पॅनच्या शेवटी कलले, तर दोष बहुधा येथेच असतो. मोबाइलमधील कंपनरोधक सुविधा पॅनच्या आरंभालाही कंपच समजून रोखू पाहते, आणि मग चित्र क्षणभर अडखळून एकदम पुढे सरकते. ट्रायपॉड वापरताना ती सुविधा बंद ठेवलेली बरी.

हलत्या व्यक्तीबरोबर पॅन करणे तुलनेने सोपे, कारण वेग विषयच ठरवतो. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पुढे, तो ज्या दिशेला जात आहे तिकडे, चौकटीत थोडी मोकळी जागा सोडतात. ती मागे सोडली तर सायकलस्वार चौकटीच्या कडेला धडकणार असे वाटत राहते.

ट्रॉली आणि झूम

या दोहोंची नवशिक्यांकडून हमखास गल्लत होते. दोन्हींत विषय मोठा होत जातो. पण ट्रॉलीत कॅमेरा स्वतः पुढे जातो, तर झूममध्ये कॅमेरा जागीच राहून भिंगाचे नाभीय अंतर बदलते. खांबांच्या दोन रांगांमधून ट्रॉली पुढे नेली तर जवळचे खांब भराभर मोठे होऊन चौकटीबाहेर जातात, दूरची भिंत मात्र सावकाश वाढते. प्रेक्षकाला आपण आत शिरत आहोत असे वाटते. त्याच जागेवरून झूम केल्यास सर्व काही एकाच प्रमाणात फुगते, खांबांतील परस्पर अंतर आहे तसेच राहते. हा एखाद्या छायाचित्राचा तुकडा मोठा करून पाहण्याचा अनुभव असतो. अंतराची जाणीव कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरते, भिंगावरून नव्हे, हे यामागील तत्त्व आहे. दोन्ही क्रिया परस्परविरुद्ध दिशांनी एकाच वेळी केल्यास विषय तेवढाच राहून पार्श्वभूमी ताणली किंवा आकसली जाते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) मधील उंचीच्या भयाचे दृश्य या युक्तीमुळे प्रसिद्ध झाले.

झूम वाईट आणि ट्रॉली चांगली असा अर्थ यातून निघत नाही. सभेत दूर बसून वक्त्याचे चित्रण करणाऱ्याला झूमखेरीज पर्याय नसतो. अशा वेळी चित्रण चालू असताना झूम करण्याऐवजी दोन वाक्यांच्या मध्ये चौकट बदलून घेणे अधिक सुबक दिसते. मोबाइलमध्ये बोटांनी प्रतिमा ताणून केलेला झूम बऱ्याचदा केवळ संगणकीय असतो आणि त्यात तपशील घटतो. शक्य असेल तेथे चार पावले पुढे जाणे केव्हाही चांगले.

रूळ आणि ट्रॉली भाड्याने घेणे विद्यार्थ्यांना परवडत नाही. गुळगुळीत फरशीवर चाकांची खुर्ची, दवाखान्यातील चाकाची खुर्ची किंवा सावकाश चालणारी हातगाडी यांवर बसून केलेले चित्रण पुष्कळदा पुरेसे असते. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या स्टेडीकॅममुळे चालत्या माणसाच्या पावलांचे धक्के कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेनासे झाले. आजचे मोटरवर चालणारे गिंबल त्याच गरजेतून आले. गिंबल आडवा हादरा आणि कल चांगले रोखतो, पण पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल पूर्णपणे रोखत नाही, म्हणून गुडघे किंचित वाकवून चालावे लागते. ड्रोनने चित्रण करणाऱ्यांस ड्रोन नियम, २०२१ लागू होतात आणि त्या ठिकाणाचे हवाई क्षेत्र कोणत्या रंगाच्या विभागात येते हे आधी तपासावे लागते.

फोकस आणि क्षेत्रखोली

भिंग एका वेळी एकाच अंतरावर अचूक फोकस होते. त्या अंतराच्या अलीकडे व पलीकडे काही पट्टा डोळ्याला रेखीवच वाटतो. या पट्ट्याला क्षेत्रखोली म्हणतात. ॲपर्चरचे छिद्र लहान असेल, भिंगाचे नाभीय अंतर कमी असेल आणि विषय दूर असेल तर क्षेत्रखोली वाढते. याउलट परिस्थितीत ती घटते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या छायाचित्राएवढा, म्हणजे ‘फुल फ्रेम’ सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग दोन मीटर अंतरावर फोकस केले, तर एफ/२ या छिद्राला क्षेत्रखोली अवघी १९ सेंटिमीटरच्या आसपास असते. एफ/८ ला ती सुमारे ८० सेंटिमीटर होते. पहिल्या स्थितीत मुलाखत देणारी व्यक्ती खुर्चीत मागे रेलली की तिचा चेहरा पुसट होतो. दुसऱ्या स्थितीत तसे होत नाही, पण छिद्र लहान केल्याने उजेड सोळा पटींनी कमी पडतो आणि दिवे वाढवावे लागतात.

मोबाइलच्या मुख्य भिंगाचे खरे नाभीय अंतर साधारण पाच-सहा मिलिमीटरच असते. तीन मीटरच्या सुमारास फोकस केला की साधारण दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत बहुतेक सर्व काही रेखीव दिसते. म्हणून मोबाइलवर दूरच्या दृश्यात फोकस क्वचित चुकतो, जवळच्या दृश्यात मात्र चुकतो. पार्श्वभूमी पुसट करणारी मोबाइलची सोय ही बहुतांशी गणिताने केलेली नक्कल असते. केसांच्या किंवा पदराच्या कडांशी ती उघडी पडते.

हाताने फोकस करताना डोळ्यांतील बाहुली किंवा पापण्या हा आधार मानतात. स्क्रीनवरील प्रतिमा मोठी करून पाहणे आणि रेखीव कडा रंगीत दाखवणारी सुविधा वापरणे, हे दोन उपाय आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मिळतात. झूम पुढे नेऊन फोकस करायचा आणि मग मागे यायचे, ही जुनी पद्धत व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या भिंगांसाठी योग्य होती. छायाचित्रणाच्या अनेक झूम भिंगांत नाभीय अंतर बदलले की फोकसही सरकतो, त्यामुळे तेथे ती फसवी ठरते.

चित्रण चालू असताना फोकस एका अंतरावरून दुसऱ्यावर नेणे याला फोकस ओढणे म्हणतात. मोठ्या चित्रीकरणात हे काम स्वतंत्र साहाय्यक करतो. तो कॅमेऱ्यावरील सेन्सरच्या खुणेपासून टेपने अंतरे मोजतो, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करतो आणि नटाचे पाऊल खुणेवर पडताच भिंगाचे कडे त्या आकड्यावर आणतो. अंतर भिंगाच्या पुढच्या काचेपासून नव्हे, तर सेन्सरच्या प्रतलापासून मोजायचे असते. फोकस केव्हा ओढावा याचे कारण दृश्यात हवे: कोणी बोलू लागले, कोणी मागे वळून पाहिले, दार उघडले. कारण नसताना पुढच्या फुलावरून मागच्या चेहऱ्यावर आणि पुन्हा फुलावर जाणारा फोकस प्रेक्षकाला केवळ कडे फिरवणाऱ्या हाताची आठवण करून देतो.

स्वयंचलित फोकस आणि लग्नाचे चित्रीकरण

महाराष्ट्रातील लहान गावांत व्हिडिओ चित्रणाचे पहिले शिक्षण बहुधा लग्नाच्या मांडवात होते. येथे पुनरावृत्ती नाही. हुकलेला क्षण नटाकडून जसा पुन्हा करून घेता येतो तसा वधूवरांकडून घेता येत नाही. स्वयंचलित फोकस कोठे दगा देतो हे पाहण्यासाठी मराठी लग्नविधी हे उत्तम उदाहरण आहे.

मंगलाष्टके चालू असताना वधूवरांमध्ये अंतरपाट असतो. एका बाजूने चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचा फोकस चौकटीतील जवळच्या आणि मोठ्या पृष्ठभागाकडे, म्हणजे कापडाकडे, ओढला जातो. ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट बाजूला होतो, कॅमेरा चेहऱ्याचा शोध घेऊ लागतो आणि दोघे एकमेकांकडे पाहतात तो क्षण पुसट राहतो. त्यातच अक्षतांचा वर्षाव होतो. कॅमेरा आणि चेहरे यांच्यामधून उडणारे पांढरे दाणे फोकसला पुढे-मागे खेचतात. यावर उपाय साधा आहे. अंतरपाट धरण्यापूर्वीच वधू किंवा वर ज्या पाटावर उभे राहणार त्या अंतरावर फोकस करून तो कुलूपबंद करावा. अनेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरल्यास हे होते. छिद्र थोडे लहान ठेवल्यास माळ घालताना पुढे झुकलेला चेहराही पट्ट्यात राहतो. त्या दोन मिनिटांत झूमला हात लावू नये. दोन कॅमेरे असतील तर एक विस्तृत चौकटीवर स्थिर ठेवावा, म्हणजे दुसऱ्याची चूक झाकता येते.

चेहरा ओळखणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांत ही अडचण कमी झाली आहे. तरीही मुंडावळ्या, घुंगट किंवा समोरून जाणारा करवल्यांचा घोळका यांमुळे ओळख तुटते, आणि कॅमेरा दुसराच चेहरा निवडतो.

पातूर परिसरातील परिस्थिती

पातूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेख बाबूंच्या दर्ग्यावरून त्याला पूर्वी पातूर शेख बाबू असेही म्हणत. गावाजवळच्या डोंगरात काळ्या बेसाल्टमध्ये खोदलेली लेणी असून त्यांत कोरीव काम फार नाही. वर वर्णिलेल्या बहुतेक अडचणी या एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून सरावासाठी हा परिसर बोलका आहे.

लेण्याच्या तोंडाशी प्रखर ऊन आणि आत काळोख असतो. बाहेरून आत जाणारे एकच सलग दृश्य घेतल्यास स्वयंचलित उजेड मध्येच उडी मारतो: बाहेरचे आकाश आधी ठीक असते, पाऊल आत पडताच पांढरे होते. आत उजेड व रेषा दोन्ही कमी असल्याने स्वयंचलित फोकस शोधत राहतो. गुळगुळीत काळ्या भिंतीवर त्याला पकडण्याजोगे काहीच मिळत नाही, म्हणून खांबाच्या कडेवर किंवा छिन्नीच्या खुणेवर फोकस करून तो बंद करणे सोयीचे. बाहेरचे आणि आतले दृश्य वेगवेगळे घेऊन संकलनात जोडणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. उतरत्या उन्हात, तिरका प्रकाश आत येत असताना, भिंतीचा पोत सर्वांत चांगला उमटतो. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरण्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते, तेव्हा ती आधी विचारून घ्यावी. ती नसेल तर दगडाला पाठ टेकवून, कोपरे छातीशी धरून केलेले स्थिर चित्रण पुष्कळ काम करते. रेणुकामातेच्या टेकडीवरील मंदिरासाठी पायथ्यापासून वर जाणारा टिल्ट स्वाभाविक आहे. मात्र वर जाताना चौकटीत आकाश वाढते आणि डोंगर काळवंडतो, हे धरून शेवटच्या चौकटीचा उजेड आधी ठरवून ठेवावा लागतो.

वऱ्हाडातील उन्हाळा हा फोकसचाही प्रश्न आहे. अकोल्याचे तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दुपारी लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपलेले दूरचे झाड किंवा रस्ता पाण्याखाली असल्यासारखा हलतो. हा दोष भिंगाचा नसतो आणि कितीही फोकस केला तरी जात नाही. जवळ जाणे किंवा सकाळी लवकर येणे एवढेच उपाय उरतात. उन्हात धरलेला मोबाइल तापून चित्रण आपोआप थांबवतो, आणि कडक उजेडात स्क्रीनवर फोकस दिसत नाही. जुन्या छायाचित्रकारांप्रमाणे डोक्यावर काळे कापड घेणे आजही उपयोगी पडते. वेचणीच्या दिवसांत कापसाचा पांढरा रंग उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला चकवतो: बोंडांनी चौकट भरली की कॅमेरा चित्र करडे करतो, आणि वेचणाऱ्या स्त्रियांचे चेहरे काळे पडतात. उजेड चेहऱ्यावर मोजून बंद करणे हा येथील नियम.

स्थिर कॅमेरा

हालचालीचे तंत्र शिकताना ती केव्हा टाळावी हेही शिकावे लागते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात छायाचित्रकार मृणाल देसाई यांनी कॅमेरा बहुतांशी स्थिर आणि दूर ठेवला आहे. न्यायालयातील कामकाज लांब, अखंड दृश्यांत घडते आणि चौकटीच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसांकडेही पाहण्यास प्रेक्षकाला वेळ मिळतो. अशा चौकटीत क्षेत्रखोली मोठी लागते, कारण कोणाकडे पाहावे हे येथे फोकस सांगत नाही. याच दशकातील नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्ये अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. हालचाल कॅमेऱ्याची नसून समोरच्या वस्तूची आहे, आणि तिला सामोरा जाणारा कॅमेरा जागचा हलत नाही.

विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रण शिकवणारे अनेक शिक्षक पहिले काही दिवस कॅमेरा ट्रायपॉडवर बांधून ठेवतात. एकच जागा, उदाहरणार्थ बसथांबा किंवा आठवडी बाजाराचा कोपरा, निवडून दहा स्थिर चौकटी घ्यायच्या आणि प्रत्येकीत काय हलते ते पाहायचे. त्यानंतर एका चौकटीत पॅन, एकीत टिल्ट, एकीत फोकस ओढणे असे एकेक अंग जोडले जाते. प्रत्येक दृश्य घरी मोठ्या पडद्यावर तपासणे आवश्यक असते, कारण मोबाइलच्या लहान पडद्यावर किंचित चुकलेला फोकसही अचूकच दिसतो.